साउंडिंग रॉकेटला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली: मुलांच्या मासिकासाठी थुंब्यावरचा (केरळातलं रॉकेट सोडायचं केंद्र) लेख मराठीत आणतेय. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून सुटलेलं पहिलं रॉकेट, अमेरिकी नायकी-अपाची, चर्चमध्ये केलेली तयारी, संध्याकाळच्या आकाशात सोडियमचा केशरी ढग, सगळं जमलं पण "साउंडिंग रॉकेट"पाशी अडले. आधी "ध्वनी-अग्निबाण" लिहिलं होतं, तर भाऊ म्हणाला याचा आवाजाशी काही संबंध नाही. हिंदीत "परिज्ञापी रॉकेट" म्हणतात पण पाचवीतल्या पोराला ते काय कळणार?

दर्यावर्दी: भाऊ बरोबर बोलतोय ताई. हे साउंडिंग म्हणजे पाण्याची खोली मोजणं, जहाजावरचा शब्द. माझे आजोबा होडीतून दोरीला शिसं बांधून सोडायचे, शिशाच्या बुडाला चरबी चोपडलेली, वर ओढलं की रेती चिकटलीय का चिखल ते बोटाने बघायचे आणि ओरडायचे, "सात वाव!" थुंब्याचं रॉकेट पण तेच करतं की, वर जातं, तिथलं काय ते मोजतं आणि अरबी समुद्रात पडतं, पृथ्वीला फेऱ्या घालत नाही. "ठावबाण" लिहा.

पेठेतला_जुना: ठाव तळाचा लागतो. वरचा कसा लागेल?

भाषांतरवाली: "अथांग आकाश" म्हणतोच की काका.

पेठेतला_जुना: ते कवितेत. सरळ "संशोधन अग्निबाण" म्हणा.

वाऱ्यावरची: "संशोधन" फार मोघम होतं. हवामानाचा फुगा ३०-३५ किमीपर्यंत जातो, उपग्रह शंभर किमीवर टिकत नाही, मधल्या पट्ट्यात थेट जाऊन मोजायला हीच रॉकेटं. आपलं आरएच-२०० रॉकेट (२०० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास) वर जाऊन तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा सोडायचं, त्या वाऱ्याबरोबर वाहायच्या आणि रडार त्यांचा माग काढायचं, त्यावरून वारा कळायचा. शिवाय थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ (जिथे चुंबकसुई अगदी आडवी राहते ती रेषा), तिथे शंभर-एक किमीवर विजेचा प्रवाह वाहतो, जागा निवडली ती त्यासाठी. यात "ठाव घेणं" मला पटतंय.

नगरकर: फुग्याखालच्या यंत्राला रेडिओसोंड म्हणतात ना? मग ही आपली सोंडच! हत्ती सोंड वर करून वास घेतो, तसंच.

वाऱ्यावरची: नाही हो दादा, ते फ्रेंच. साउंडिंग आणि सोंड तिकडे एकाच घरातले, हत्तीचा संबंध नाही.

नगरकर: पण मुलांच्या लक्षात सोंडच राहील, मी शिकवतो म्हणून सांगतो.

पेठेतला_जुना: लक्षात राहतं म्हणून चुकीचं शिकवायचं नसतं. आणि "रॉकेट" कशाला, "अग्निबाण" काय वाईट?

दर्यावर्दी: अग्नी तरी कशाला काका? पेशवाईतल्या कागदांत नुसते "बाण"च आहेत, लढाईत सोडायचे ते. आम्ही दिवाळीत अजून बाणच उडवतो.

पेठेतला_जुना: हे मान्य. मग क्रियापदही "सोडणे"च ठेवा, बातम्यांत "रॉकेट डागले" वाचलं की डोकं फिरतं. डागायची ती तोफ. थुंब्याला काय युद्ध चाललंय?

नगरकर: आमच्याकडे तर गुरं पण डागतात.

दर्यावर्दी: बाय द वे, कुणाकडे "वाव" अजून वापरात आहे का? आमच्या बंदरावर आता सगळे मीटरच बोलतात.

वाऱ्यावरची: माझ्या सासरी रायगडात म्हणतात, दोन्ही हात फाकवून दाखवतात, तेवढा एक वाव.

भाषांतरवाली: लेख उद्या द्यायचाय हो, ठावबाण का नाही ते तरी सांगा.