ओंडके चिरताना चेनसॉचा पिस्टन सीझ होऊ (सिलिंडरमध्ये अडकून बसू) नये म्हणून काय करावं?

पाचर:
७० सीसीचा चेनसॉ, २४ इंची बार, त्यावर अलास्कन मिल (ओंडक्यातून लांबीने फळ्या काढायला बारवर बसवायची चौकट). ४५ सेमी रुंद, अडीच मीटर लांब कठीण ओंडके चिरायचे आहेत. पेट्रोलमध्ये ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) ऐवजी २५:१ ऑइल घातलं तर इंजिन वाचेल का? आणखी काय सांभाळायचं?

टूस्ट्रोक:
नुसतं ऑइल वाढवून वाचणार नाही, उलट मरू शकतं. कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) द्रव जातो तेवढाच जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि सिलिंडर जास्त तापतो. ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली चांगलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, पुरे. प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा लावायचाच.

आडवा काप काही सेकंदांत संपतो. चिरताना मात्र फुल थ्रॉटल कित्येक मिनिटं सलग चालतं, त्यामुळे आडव्या कापाला चालणारं सेटिंग इथे लीन ठरतं. इंजिन गरम, फिल्टर स्वच्छ, चेन धारदार असताना एच स्क्रू (फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) लावा. लोड नसताना दोन-तीन सेकंद फुल थ्रॉटल द्या. आवाज एकसंध, किंचाळल्यासारखा आला तर लीन. स्क्रू घड्याळाच्या उलट्या दिशेने अष्टमांश फेराच फिरवा आणि पुन्हा ऐका. लोडशिवाय आवाज घोगरा, तुटक हवा आणि बार लाकडात शिरला की साफ व्हायला हवा. टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) असेल तर मॅन्युअलमधल्या कमाल आरपीएमपेक्षा ५०० ते ७०० खाली ठेवा. ऑटो-ट्यून कार्बोरेटरला हा स्क्रू नसतो, तिथे हा उपाय लागू नाही.

गॅस्केट:
वरचं बरोबर, पण स्क्रूला हात लावण्याआधी हवा कुठून शिरते का ते बघा. आयडल (थ्रॉटल न देता इंजिनाची गती) आपोआप चढतं, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन उशिरा खाली येतं? मग क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकांची सीलं), इनटेक बूट (कार्बोरेटर ते सिलिंडर रबरी जोड), इम्पल्स पाइप (कार्बोरेटरचा पंप चालवणारी नळी) तपासा; प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही टेस्ट करून घ्या. गळती स्क्रूने झाकली तर ती वाढेल तसं इंजिन पुन्हा लीन होणार. टाकीचं झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलाय. फ्युएल फिल्टर सरळ बदलून टाका.

कानस:
चेनबद्दल कुणीच बोललं नाही! चिरायला रिपिंग चेन (लांबीने चिरण्यासाठी दात १० अंशांना घासलेली) लावा. भुसा पिठासारखा पडू लागला की धार गेली; मग माणूस जोर लावतो आणि इंजिन तापतं. प्रत्येक फळीनंतर दाताला दोन हात कानस मारा. ओंडका थोडा उतरता ठेवला तर मिल स्वतःच्या वजनाने पुढे सरकते. चिरलेल्या फटीत मागून पाचर घालत जा, बार आवळला जात नाही.

चिरताना बारीक भुसा फार उडतो. एअर फिल्टर प्रत्येक टाकीला झटका, सिलिंडरच्या पंखांतला भुसा ब्रशने काढा. टाकी चिराच्या मध्येच संपू देऊ नका, शेवटच्या थेंबांना हवा ओढली जाऊन मिश्रण लीन होतं. चीर संपली की लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवा.

पाचर:
मफलरला जास्तीचं भोक पाडलं तर थंड राहील ना?

टूस्ट्रोक:
उष्णता लवकर बाहेर पडते, पण इंजिन हवाही जास्त ओढतं. एच स्क्रू पुन्हा लावला नाही तर भोक पाडून नुकसानच. आणि मफलर काढलाच आहे तर एक्झॉस्ट पोर्टमधून बॅटरी मारून पिस्टन बघा. उभ्या रेघा दिसल्या तर कारण सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका.