वॉरफरिन सुरू असताना लसूण-हळदीचा काढा द्यावा का?

प्रश्न:
माझ्या वडिलांचे वय ६८ वर्षे असून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या डाव्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. दोन महिन्यांपासून त्यांना वॉरफरिन ही रक्त सहज गोठू न देणारी गोळी सुरू आहे आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, याचे तपासणीतले मोजमाप) २ ते ३ च्या दरम्यान राहावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. काकांच्या मते लसूण, हळद आणि अर्जुनसालीच्या काढ्याने रक्त पातळ राहते, मग गोळीची गरजच उरत नाही. सारख्या रक्ततपासणीला कंटाळलेल्या वडिलांनाही ते पटू लागले आहे. या वनस्पतींत खरोखर तसा गुण आहे का?

उत्तर १:
गुण आहे, आणि काळजी त्याचीच वाटते. लसणीतील अजोइन हा घटक प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटू देत नाही. हळदीतील कुरकुमिनचाही तसा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. मात्र शिरेतली गुठळी काढ्याने विरघळते, असे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. वॉरफरिन रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचे काम रोखते, म्हणजे दोन्ही एकदम घेतल्यास रक्त गोठण्याची क्रिया दोन बाजूंनी अडते. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याचा आयएनआर हळदयुक्त उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत १० च्या वर गेला होता. फोडणीतल्या लसूण-हळदीला कोणी हरकत घेणार नाही. रोजचा पेलाभर काढा ही वेगळी गोष्ट आहे.

उत्तर २:
काकांना हेही सांगावे की या गोळीचे मूळ चाऱ्यातच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाऊन गुरे साध्या जखमेतूनही रक्त वाहून मरत. १९३३ मध्ये एका शेतकऱ्याने न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून विस्कॉन्सिन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्यापुढे ठेवले, आणि त्यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचे डायकुमारॉल हे रक्त गोठू न देणारे रसायन शोधून काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून आले. गोळीत मिलिग्रॅम ठरलेले असतात. काढ्यात आज किती उतरले, हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्तर ३:
माझ्या आईने असाच काढा आम्हाला न सांगता घेतला होता. एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झाले, तेव्हा आम्हाला कळले. वडिलांना काळी शौच, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पालक, मेथीत के जीवनसत्त्व असते; त्या बंद करू नयेत, पण प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे.

प्रश्नकर्ती:
काढ्याचे पातेले आज उतरवून ठेवले. सोमवारच्या तपासणीला काकांनाही सोबत नेणार आहे.