शाळेतली मारामारी आणि शिस्त : तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात माझा भाचा डोक्याला तीन टाके घालून घरी आला. मधल्या सुट्टीत नळावर भांडण झालं होतं. शाळेनं दोघांनाही आठ दिवस घरी बसवलं. आठ दिवस दोघं मोबाईलवर एकमेकांना शिव्या देत होते, आणि नवव्या दिवशी भांडण जिथं थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. मारामारी झाल्यावर शाळेनं काय केलं म्हणजे ती पुन्हा होत नाही? शिक्षक, पालक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव नको. मत नंतर, आधी काय घडलं ते सांगा.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

मी छडी वापरली आहे, हे आधीच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, आणि कलम १६ मुळं आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येईना. कायदा योग्यच होता. पण आम्ही छडी कपाटात ठेवली आणि तिच्या जागी काहीच आणलं नाही. दोन वर्षं नुसती ओरडाओरड चालली होती.

मग एका तरुण शिक्षिकेनं एक वही घातली. भांडण कधी झालं, कुठं झालं, कोण होतं, एवढंच लिहायचं. चार महिन्यांनी वही चाळली तर निम्म्याहून जास्त मारामाऱ्या मंगळवारी आणि एसटी स्टँडवर. मंगळवार आमच्याकडं बाजाराचा. सव्वापाचची गाडी भरून यायची, आणि वाडीची पोरं आधी चढणार की गावची, यावरून दप्तरं फिरायची. आम्ही त्यांना 'दोन गावांचं जुनं वैर' म्हणून शिक्षा करत होतो! मंगळवारी शाळा वीस मिनिटं आधी सोडली, पाचवी-सहावीला पुढं उभं केलं, दोन शिक्षक स्टँडवर थांबू लागले. दिवाळीनंतर वहीत मंगळवार जवळपास कोराच राहिला.

सगळंच असं सुटलं नाही. दहावीतल्या एका मुलाच्या वडिलांना बोलावून आम्ही दाखला घेऊन जायला सांगितलं. त्यानं पुढं कुठंच नाव घातलं नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

माजी विद्यार्थी, नांदेड

आमच्याकडं नियम एकच होता : भांडलात तर दोघंही ओणवे. आधी कुणी मारलं, का मारलं, कुणी विचारलंच नाही. सातवीत वर्षभर एक मुलगा माझा डबा सांडायचा. मी एकदाच ढकललं आणि त्याच्याशेजारी ओणवा राहिलो. त्यानंतर सरांना काही सांगायला गेलो नाही.

आई, एडिसन, न्यू जर्सी

माझा मुलगा मारणारा होता. इथल्या २०११ च्या कायद्याप्रमाणे छळाची तक्रार आली की मुख्याध्यापकांना शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि ती शाळेच्या दहा दिवसांत संपवावी लागते. त्यासाठी प्रत्येक शाळेत नेमलेली व्यक्ती असते. चौकशीत निघालं की ज्याला त्यानं मारलं तो मुलगा माझ्या मुलाच्या अडखळत बोलण्याची महिनोन्‌महिने नक्कल करत होता. तो छळ ठरला. माझ्या मुलानं मारलं त्याची शिक्षा वेगळी झाली, आणि ती त्याला पटली, कारण आधी त्याचं ऐकलं गेलं होतं. मी मात्र रात्रभर रडले. घरात त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

महापालिका शाळेतली शिक्षिका, मुंबई

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेल्या शासननिर्णयात सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीवर भर होता. आमची पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी. तिथं चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो, म्हणून ती रिकामीच. जिन्याच्या वळणावर हलवल्यावर पहिल्या आठवड्यात सात चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या तीन एकाच मुलाबद्दल. हल्ली मारामारीपेक्षा भोवतीचं रिंगण जड जातं. मोबाईल उंचावून शूटिंग चाललंय म्हटल्यावर माघार घेणं मुलांना शक्यच होत नाही. म्हणून आम्ही आधी बघे पांगवतो आणि शूटिंग करणाऱ्यांच्या पालकांनाही बोलावतो.

वडील, पुणे

समजुतीनं घ्या म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. माझ्या मुलाचा दात पडला. दुसऱ्याच दिवशी दोघांना समोरासमोर उभं करून 'हात मिळवा, सॉरी म्हणा' झालं. माझ्या मुलानंही सॉरी म्हणायचं! शाळेच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. तो पुढं महिनाभर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडला नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धागाकर्ती (ही चर्चा सुरू करणारी)

सर, त्या वहीत आणखी काय लिहायचात?

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

पुण्याच्या पालकांनी लिहिलंय, त्याच कारणानं आम्ही नंतर एक रकाना वाढवला : पंधरा दिवसांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं का? बऱ्याच ओळींत तो रिकामा आहे. वही अजून माझ्याकडंच आहे, हवी असेल तर रकाने उतरवून देतो.