मतदान बुडवून जिवलग मित्राच्या लग्नाला गेलो, यात माझं काय चुकलं?

कोथरूडचा मुसाफिर (धागाकर्ता)

आज २५ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल लागून दोन दिवस झाले आणि आमच्या घरात बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीयेत. कारण एवढंच की २० तारखेला मी मतदान केलं नाही, अमरावतीला मित्राच्या लग्नाला गेलो. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे शाई लावलेल्या बोटांचे फोटो आणि माझा फेटा बांधलेला फोटो, त्यावर काकांनी लिहिलं की लोकशाहीपेक्षा जिलबी मोठी झाली का. लागलं मला ते.

आता क्रम सांगतो म्हणजे कळेल. लग्न ठरलं जुलैमध्ये. कार्यालय ज्या दिवशी मोकळं होतं त्या दिवसाचा काढीव मुहूर्त भटजींनी दिला, २० नोव्हेंबर, गोरज. मी ऑगस्टमध्येच १९ तारखेचं रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं कारण दिवाळीनंतर पुण्याहून विदर्भात जायला तिकीट मिळणं म्हणजे काय असतं ते जाणारेच जाणतात. आणि आयोगाने निवडणूक जाहीर केली १५ ऑक्टोबरला, सगळ्या २८८ जागा एकाच दिवशी, तोही नेमका २० नोव्हेंबर. लोकसभेला पाच टप्पे होते, अमरावतीचं २६ एप्रिलला आणि पुण्याचं १३ मेला, तेव्हा हे लग्न असतं तर दोन्ही झालं असतं. यावेळी ती सोयच नव्हती.

आणि मित्र म्हणजे कोण, तर हॉस्टेलमधला चार वर्षांचा रूममेट. याच बाबांच्या बायपासच्या वेळी तो अकरा रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपला होता, मला घरी पाठवून. त्याने फक्त एवढं मागितलं की अंतरपाट तू धरायचा. मी नाही म्हणू शकत नव्हतो आणि मला म्हणायचंही नव्हतं. निवडणूक परत येते, हा दिवस परत येत नाही. माझं स्पष्ट मत हेच आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

शाईचं बोट

नाही पटलं. "निवडणूक परत येते" हे वाक्य पुण्यात बसून तरी म्हणू नकोस भावा. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नोव्हेंबर २०२४ उजाडला तरी निवडणूक झालेली नाही, तेव्हापासून प्रशासक कारभार बघतोय. तुझ्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल कोणाला जाब विचारायचा हे तुला सांगता येतंय का? मिळालेलं एक मतदान असं सोडून द्यायचं आणि मग वर्षभर रस्ते, पाणी, पीएमपी यावर लिहीत बसायचं हे मला जमत नाही.

दुसरं, मतदान सकाळी सातला सुरू होतं. सातला पहिल्या पाचात उभा राहा, साडेसातला गाडी काढ, नगर, संभाजीनगर, तिथून समृद्धीवर चढ, कारंज्याला उतर, सहाच्या आत अमरावती. सुट्टी होतीच, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे भरपगारी सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे दिवस मोकळा, रस्ता आहे, फक्त इच्छा नव्हती.

कोथरूडचा मुसाफिर

इच्छेवर येऊ नका. जवळपास सहाशे किलोमीटर आहे, माझ्याकडे स्वतःची गाडी नाही, एकट्याने भाड्याची गाडी सलग दहा तास चालवायची, त्यात नगरपर्यंतचा ट्रॅफिक, आणि गोरज मुहूर्त पावणेसहाचा. टायर पंक्चर झाला तर अंतरपाट धरायला कोणी दुसरा. ही रिस्क मी घेतली नाही.

वऱ्हाडी ठेचा

धागाकर्त्याच्या बाजूने एक आकडा देतो. कोथरूडात विजयी उमेदवाराचं मताधिक्य लाखाच्या वर आहे. तुझं एक मत इकडे गेलं असतं की तिकडे, काय फरक पडला असता सांगा. काऊन त्याच्या मागं लागले बाप्पा सगळे?

शाईचं बोट

हे मताधिक्य २३ तारखेला कळलं, २० ला नाही. आणि आकडेच काढायचे तर पूर्ण काढा. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. बेलापूर ३७७. लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये तर ४८ मतं, अठ्ठेचाळीस! एवढी माणसं एका लग्नाच्या बसमध्ये मावतात. मालेगावात किंवा साकोलीत त्या दिवशी कोणाच्या घरचं वऱ्हाड सकाळी लवकर निघून गेलं असेल तर निकाल लग्नाच्या बसने लावला असं म्हणायची वेळ येते. आपल्या मतदारसंघात लाखाचा फरक पडेल की दोनशेचा हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून तर जायचं असतं.

वऱ्हाडी ठेचा

१६२ चा आकडा जोरदार आहे, मान्य. पण मग चूक एकट्या माणसाची कशी? राजस्थानात २०२३ ला आयोगाने आधी २३ नोव्हेंबर तारीख दिली होती, त्या दिवशी देवउठनी एकादशी, हजारो लग्नं, लोकांनी ओरड केली तर तारीख २५ वर नेली. हरियाणात यंदा १ ऑक्टोबरचं मतदान बिष्णोई समाजाच्या सणासाठी ५ ऑक्टोबरवर गेलं. म्हणजे लोक लग्नाला आणि सणाला जाणारच हे आयोगाला कळते. मग आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की सगळा महाराष्ट्र मांडवात असतो हे कळत नाही का? एक कॅलेंडर भिंतीवर टांगा म्हणा.

गणितात नापास

@वऱ्हाडी ठेचा, तिथे मोठा मुहूर्त होता, इथे काढीव मुहूर्त होता हे धागाकर्ता स्वतः सांगतोय. कार्यालय रिकामं मिळालं म्हणून धरलेल्या तारखांसाठी आयोगाने निवडणूक हलवायची म्हटलं तर डिसेंबर उजाडेल आणि विधानसभेची मुदत तर २६ नोव्हेंबरला संपते. कुठे बसवणार?

माझा मुद्दा वेगळा आहे. मी अकोल्याचा, नोकरी हिंजवडीत, नाव अजून गावच्या यादीत. मी १९ च्या रात्री ट्रॅव्हल्सने अकोल्याला गेलो, डबल भाडं दिलं, मत दिलं, रात्री परत. माझ्यासारखे किती जण जात असतील? आणि जे जात नाहीत त्यांना बेजबाबदार म्हणायचं? आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली होती, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली. ते यंत्र असतं तर हा पोरगा अमरावतीच्या एखाद्या शाळेत कोथरूडचं बटण दाबून फेटा बांधून मांडवात उभा राहिला असता. पोस्टल मत मागायला गेलं तर ते ८५ च्या वरच्यांना, ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग असलेल्यांना, सैन्यातल्यांना, ड्युटीवरच्यांना. मित्राचा अंतरपाट धरणारा त्या यादीत नाही.

शाईचं बोट

यंत्राचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण यंत्र येईपर्यंत तू तर गेलासच ना अकोल्याला? डबल भाडं देऊन? मग तुझं आणि माझं मत एकच आहे.

गणितात नापास

नाही, एकच नाही. मी गेलो कारण मला त्या दिवशी दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. मित्राचं लग्न असतं तर मी कुठे असतो हे मी आत्ता छातीठोक सांगू शकत नाही.

कोथरूडचा मुसाफिर

थोडं तिथलं सांगतो, कारण सगळ्यांना वाटतंय मी राजकारणापासून पळून गेलो. उलट एवढं राजकारण मी आयुष्यात एका दिवसात बघितलं नाही. कार्यालयाच्या शेजारीच शाळा आणि शाळेत बूथ. पोलिसांनी येऊन सांगितलं की सहापर्यंत बँड आणि स्पीकर नको. त्यामुळे वरात मुकाट्याने आली आणि मंगलाष्टकं विनामाइकची झाली, आणि खरं सांगतो इतकी सुंदर मंगलाष्टकं मी ऐकली नाहीत, प्रत्येक शब्द कळत होता, आत्याबाईंचा आवाज शेवटच्या कडव्याला कापला तोसुद्धा ऐकू आला. नवरीचे मामा घड्याळवाले आणि काका तुतारीवाले, दोघं सकाळपासून वेगवेगळ्या पंगतीला. सहा वाजले, बँडवाल्यांना परवानगी मिळाली, त्यातल्या एकाने पहिलीच तुतारी फुंकली आणि मामा ओरडले "प्रचार थांबवा!" काका एवढे हसले की शेवटी दोघं एका ताटाला बसले. साडेसहाला एक्झिट पोल सुरू झाले. नवरानवरी सप्तपदी चालतायत आणि अर्धा मांडव मोबाईलमध्ये. भटजींनी चौथ्या पावलाला थांबून विचारलं, विदर्भात काय दाखवतायत?

सांगलीची मास्तरीण

मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेलं आहे, म्हणून लिहिते. २३ एप्रिल २०१९, लोकसभेचा तिसरा टप्पा, आमच्या सांगलीचं मतदान. त्याच दिवशी माझ्या बालमैत्रिणीचं लग्न होतं, दहा किलोमीटरवर. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, पहाटे साडेपाचला उठून मॉक पोल, संध्याकाळी सहाला रांगेतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचं मतदान पूर्ण करून घ्यायचं, मग सीलिंग, मग साहित्य जमा करायची रांग. रात्री दीड वाजता घरी आले. तिची पाठवणी चारलाच झाली होती. ड्युटी रद्द करून घ्यायला अर्ज केला होता, मैत्रीण हे नातं त्या अर्जात बसत नाही, सख्खं भावंड लागतं असं सांगण्यात आलं.

मला विचाराल तर मी त्या दिवसाचं काम नीट केलं याचा मला अभिमान आहे. माझ्या केंद्रावर एक ९० वर्षांच्या आजी नातवाच्या खांद्यावर बसून आल्या होत्या. पण मैत्रिणीच्या अल्बममध्ये मी नाही हे मला आजही सलतं, आणि ती कधी बोलून दाखवत नाही त्याने जास्त सलतं. म्हणून या मुलाला मी नावं ठेवणार नाही. त्याला निवडायला मिळालं, त्याने माणूस निवडला.

शाईचं बोट

मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण त्या ९० वर्षांच्या आजी जर आल्या तर तिशीतला मुलगा का नाही, हाच माझा प्रश्न तुमच्याच पोस्टमधून निघतो. यावेळी राज्यात ६६ टक्के मतदान झालं, २०१९ ला ६१ होतं, लोकांनी मनावर घेतलं म्हणून वाढलं ना. आणि मुसाफिर, एक सांग, नवऱ्याने त्या दिवशी मत दिलं का?

कोथरूडचा मुसाफिर

दिलं. हळदीच्या अंगानेच जाऊन आला, बोटावर हळदीवरून शाई. नवरीचं नाव दर्यापूरला, ती तिकडे सातला पहिलं मत देऊन पन्नास किलोमीटर आली आणि मग मेकअपला बसली. स्टेजवरच्या फोटोत दोघांची डावी बोटं काळी आहेत.

शाईचं बोट

बघ! ज्यांचं लग्न त्यांनी मतदान केलं आणि पाहुण्याने बुडवलं. याच्यावर काय बोलणार आहेस?

वऱ्हाडी ठेचा

अहो पन्नास किलोमीटर आणि सहाशे किलोमीटर एकच आहे का? त्याला चिमटे काढणं बस झालं.

गणितात नापास

एक प्रामाणिक प्रश्न आहे, चिमटा नाही. १५ ऑक्टोबरला तारीख कळली, लग्न २० नोव्हेंबरला, मधे पाच आठवडे. तू मित्राला फोन करून कधी म्हणालास का, की मी मत देऊन निघतो, मुहूर्ताला पोचलो तर पोचलो, नाहीतर अंतरपाट दुसऱ्या कोणाला धरायला सांग?

कोथरूडचा मुसाफिर

दोन तास झाले हा प्रश्न वाचून, उत्तर लिहून दोनदा पुसलं.

नाही विचारलं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "मत देऊन ये बे, अंतरपाट कोणीही धरते." तो तसाच आहे. आणि तो तसं म्हणेल हे माहीत होतं म्हणूनच मी विचारलं नाही. मला तो अंतरपाट धरायचा होता. हॉस्पिटलच्या बाकड्याचं काहीतरी फेडायचं होतं मला, आणि ते मलाच फेडायचं होतं.

शाईचं बोट

माझं मत बदललं नाहीये, मतदान करायलाच हवं होतं. पण हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस. इथे नको लिहूस आता जास्त, बाबांना जाऊन सांग.