रात्री आंबेमोहराचा वास येणारा वाडा : आपणांपैकी कोणास असा अनुभव आहे का?

पेठकर

गेल्या चैत्रात सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात सलग दोन रात्री झोपण्याचा प्रसंग माझ्यावर आला. वाडा माझ्या आत्याच्या सासरचा. पुनर्विकासाचा करार झाल्यामुळे शेवटचे भाडेकरू होळीपूर्वीच निघून गेले होते. वाडा उतरवण्याचे काम सुरू होईपर्यंत सागवानी खांब, तुळया आणि दिंडी दरवाज्याच्या पितळी कड्या यांवर कोणाची तरी नजर असावी, एवढ्याचसाठी आतेभावाने आणि मी माडीवर मुक्काम करायचे ठरवले.

या वाड्यात ‘वावर’ आहे, असे आळीतली जुनी मंडळी सांगतात. माडीवर राहणाऱ्या एक विधवा काकू फार वर्षांपूर्वी मागच्या आडात पडून गेल्या आणि तेव्हापासून त्या मध्यरात्री स्वयंपाकघरात भात शिजवतात, अशी ती कथा आहे. आत्या लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावले होते, की दिवेलागणीनंतर मागच्या जिन्याने जायचे नाही. आत्या पुढे चाळीस वर्षे त्या घरात राहिली, पण त्या जिन्याने रात्री गेली नाही.

मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मनुष्य नाही, हे आधीच सांगतो. अर्थात, असे म्हणणारे सगळेच पुढे काही तरी सांगतात, हेही मला ठाऊक आहे. पहिल्या रात्री साडेबाराच्या सुमारास कडीपाटातून कट्कट असे आवाज येऊ लागले. काही वेळाने कोणी तरी डोक्यावरून सावकाश चालत गेल्यासारखे वाटले. मग पोटमाळ्याच्या बाजूने घोरण्यासारखा, मधूनच फुत्कारल्यासारखा श्वास ऐकू आला. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती, कारण जुने घर म्हटले की आवाज आलेच. परंतु दीडच्या सुमारास भाताचा वास आला. साधा नव्हे, नुकत्याच झाकण काढलेल्या आंबेमोहराचा, अगदी स्पष्ट. मी काही बोललो नव्हतो; आतेभाऊच अंधारात म्हणाला, “आत्ता भात कोणी लावला?” स्वयंपाकघर अकरा वर्षांपासून बंद आहे, तिथे गॅस नाही आणि चूल कधीच ढासळली आहे. गॅलरीत येऊन पाहिले, तर आजूबाजूच्या एकाही इमारतीत दिवा नव्हता. वास दहाएक मिनिटे राहिला आणि गेला. दुसऱ्या रात्री आवाज फारसे झाले नाहीत, पण तीनच्या सुमारास वास पुन्हा आला.

आवाजांचे स्पष्टीकरण मला सुचते. वासाचे सुचत नाही. आपणांपैकी कोणी अशा घरात प्रत्यक्ष राहिले असल्यास आपला अनुभव लिहावा. ‘मित्राच्या मित्राला’ आलेले अनुभव कृपया नकोत. ते माझ्याकडे पुष्कळ आहेत.

नदीकाठ

वासाबद्दल मला काही सांगता येणार नाही, परंतु प्रत्यक्ष अनुभव मागितला आहे म्हणून शनिवारवाड्याचा सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी तेथे मारले आणि त्यांची ‘काका, मला वाचवा’ ही हाक रात्री अजूनही ऐकू येते, असे प्रत्येक पुणेकराने शाळेत असतानाच ऐकलेले असते. महाविद्यालयात असताना आम्ही चौघे एका अमावास्येला रात्री अकरापासून तटाबाहेरच्या पटांगणात बसून राहिलो. आत जाता येत नाही, आणि गेलो असतो तरी उपयोग नव्हता. ज्या दालनांतून नारायणराव धावले ती दालने २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत गेली. सात दिवस जळत राहिलेल्या त्या वाड्याचा तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. ज्या भुताला धावायला घरच उरलेले नाही ते धावते कोठून, हा प्रश्न मला त्या वेळीही पडला होता.

तरीही हाक आम्ही ऐकली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. रात्री एक वाजता ‘काका, मला वाचवा’ हे शब्द इतके स्वच्छ ऐकू आले, की आमच्यातला एक जण चपला तिथेच टाकून पळाला. दुचाकींवरून आलेली तीन मुले दिल्ली दरवाज्यासमोर उभी राहून ओरडत होती. ती दर अमावास्येला येतात, असे जवळच्या चहावाल्याने नंतर सांगितले.

रातवा

पेठकर, एक प्रश्न आधी विचारतो. वाड्याच्या मागे उंबर, रामफळ, चिक्कू, पपई यांपैकी एखादे झाड आहे का? असल्यास आपल्या काकूंना चार पाय आणि एक लांब शेपूट असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पुण्याच्या पेठांमध्ये उदमांजर आजही राहते. कोकणात काही ठिकाणी त्याला कांडेचोर म्हणतात. (पाणमांजरालाही काही जण ऊदमांजर म्हणतात; मी लिहितो आहे ते झाडांवर आणि घरांच्या आढ्यांत राहणारे, राखाडी अंगाचे आणि चेहऱ्यावर काळा पट्टा असणारे.) हा प्राणी पूर्णपणे निशाचर आहे. दिवसा पोटमाळ्यावर किंवा कौलांखाली झोपतो आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे फळे, उंदीर व किडे शोधत हिंडतो. वजन साधारण तीन-चार किलो. उंदराची धावपळ आपण सगळे ओळखतो, त्यामुळे तिची भीती वाटत नाही. परंतु तीन-चार किलोचे जनावर जेव्हा रिकाम्या घराच्या लाकडी तक्तपोशीवरून एकेक पाऊल टाकत जाते, तेव्हा खालच्या माणसाला ते माणसाचेच चालणे वाटते. मी स्वतः कसब्यातील एका वाड्यात या चालण्याला घाबरून अर्धी रात्र जिन्यात बसून काढली आहे, आणि त्या वेळी मी पक्षी-प्राण्यांच्या नोंदी करण्यासाठीच तेथे गेलो होतो.

आता वास. उदमांजराच्या शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. तिथून येणारा वास ज्यांनी घेतला आहे, ते त्याची तुलना पुष्कळदा सुवासिक भाताशी करतात. मलय भाषेत तर या प्राण्याला ‘मुसांग पांडान’ असे नावच आहे. पांडान म्हणजे केवड्याच्या कुळातली ती लांब पानांची वनस्पती, जिचे पान आपल्याकडे साध्या तांदळात घातले की भाताला आंबेमोहरासारखा वास येतो. अनेक पुणेकरांच्या गच्चीवर तिची कुंडी असते. पांडानच्या पानात आणि बासमती, आंबेमोहर यांसारख्या तांदळांत जो गंध असतो, तो २-ॲसिटिल-१-पायरोलिन या एकाच रसायनाचा असतो आणि त्याचा अगदी थोडा अंशही माणसाच्या नाकाला कळतो. जनावर तुमच्या डोक्यावरून गेले, एखाद्या तुळईला अंग घासले, की बंद माडीत तो वास काही मिनिटे राहणारच.

फुत्कारणारा श्वास मात्र त्याचा वाटत नाही. तो गव्हाणी घुबडाचा असावा. पिल्ले घरट्यात असली की रात्रभर घोरल्यासारखा आवाज करतात; जुन्या वाड्यांतील निम्म्या समंधांचा जन्म त्यातूनच झाला असेल. कडीपाटातील कट्कट तर ऋतूची आहे. चैत्रात पुण्यात दिवसाचे आणि पहाटेचे तापमान यांत पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज पडतो. दिवसा तापलेले लाकूड आणि पत्रे रात्री आकसतात आणि खुंट्यांच्या सांध्यांतून आवाज करतात. तो पूर्वरात्री अधिक आणि पहाटेकडे कमी होतो.

पडताळा सोपा आहे. पोटमाळ्यावर किंवा भिंतीच्या माथ्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा शोधा. ती सापडली नाही, तर संध्याकाळी जमिनीवर पीठ किंवा रांगोळी पातळ पसरून ठेवा. पाच बोटांचा लहान ठसा उमटला, तर प्रश्न सुटला.

तिरपा_उंबरठा

ज्या शहरात वेताळ टेकडी आहे, मुंजाबाचा बोळ आहे आणि खुन्या मुरलीधर आहे, त्या शहरातल्या भुतांना आता मांजर ठरवले जाते, हे पाहून वाईट वाटले.

वाड्यातली_सून

रातवा यांचे स्पष्टीकरण मला पटते, तरीही ते अर्धेच आहे असे वाटते. वास उदमांजराचा असेल. पण त्या वासाला काकूंचे नाव कोणी दिले?

मी १९७८ साली लग्न होऊन नारायण पेठेतील एका वाड्यात आले. आम्ही तेथे भाडेकरू होतो. दोन खोल्या, सामाईक नळ, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी जिथवर चढले होते ती रेघ भिंतीवर तशीच ठेवलेली. त्या वाड्यातही माडीवरच्या एक काकू ‘होत्या’. पेठकर यांचा वाडा सदाशिव पेठेतला आणि आमचा नारायण पेठेतला, म्हणजे या त्याच काकू नव्हेत. परंतु पेठेपेठेत अशी एक काकू असते आणि ती बहुधा विधवाच असते, हे आपण कधी लक्षात घेतले आहे का? सवाष्ण बाई आडात पडली तर लोक हळहळतात आणि विसरतात. एकटी राहिलेली बाई अंथरुणावर शांतपणे गेली, तरी तिची हडळ होते.

आमच्या काकूंना माझ्या सासूबाईंनी पाहिलेले होते. नवरा गेल्यावर त्यांनी दोन वेळच्या जेवणाचे डबे केले, आणि वार लावून जेवणारी गरीब विद्यार्थी मुले आठवड्याचे तीन दिवस त्यांच्या पंगतीला असत. कोणी मुलगा शिकवणीहून उशिरा आला, तर त्या रात्री दहालाही त्याच्यापुरता भात टाकीत. अवेळी भाताचा वास येतो, ही त्या वाड्यातली खरी आठवण होती. ती खोटी नव्हती. काकू वार्धक्याने गेल्या, रुग्णालयात गेल्या, आडाच्या जवळपासही गेल्या नाहीत.

आड नंतर आला. तो कसा आला, तेही मला माहीत आहे, कारण त्या वेळी मी स्वयंपाकघरात चहा करीत होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती. आम्ही महिना चौदा रुपये देत होतो. तेवढ्यात मालक कौले शाकारणार नाही, हे आम्हांलाही कळत होते आणि आम्ही खोल्या सोडणार नाही, हे मालकांना. अशात वाडा विकत घ्यायला कोणी पाहायला आले, की आमच्यातले एक गृहस्थ त्यांना चौकात गाठून अत्यंत अदबीने विचारीत, “आपल्याला काकूंबद्दल मालकांनी सांगितले असेलच ना?” पहिल्या गिऱ्हाइकाला नुसत्या काकू सांगितल्या. दुसरा हसला, म्हणून तिसऱ्याच्या वेळी आड आला. पुढे अमावास्या आली, हिरवे लुगडे आले. विधवेच्या अंगावर हिरवे लुगडे कसे, हे कोणी विचारले नाही. वाडा आणखी एकोणीस वर्षे उभा राहिला आणि त्या गृहस्थांची नातवंडे मागच्या जिन्याने जायला खरोखर घाबरू लागली. ते स्वतःही शेवटी शेवटी कंदील घेऊन जात.

मी हसत होते तेव्हा, हे लिहायला हवे. ज्या बाईने पंगतीला मुले जेवू घातली, तिला आम्ही चौदा रुपयांच्या खोल्यांसाठी भूत केले.

पेठकर

सर्वांचे आभार. उत्तर लिहायला आठवडा लागला, कारण पुन्हा वाड्यात जाऊन यावे लागले.

रातवा, मागे उंबर आहे आणि त्याची एक फांदी थेट कौलांवर टेकलेली आहे; हे मी पहिल्यांदाच लिहायला हवे होते. शनिवारी संध्याकाळी आतेभावाने आणि मी बंद स्वयंपाकघर उघडून जमिनीवर ज्वारीचे पीठ चाळणीने पसरले आणि रात्री माडीवर झोपलो. आवाज झाले, वासही आला, फक्त या वेळी मला उठून पाहण्याऐवजी पडून राहून तो घ्यावासा वाटला. सकाळी पिठावर भिंतीच्या कडेकडेने गेलेले पाच बोटांचे लहान ठसे होते, आणि पोटमाळ्याच्या तोंडाशी उंबराच्या बारीक बियांनी भरलेली वाळकी लेंडी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या प्राण्याला संरक्षण असल्याने, वाडा उतरवण्यापूर्वी वन विभागाला कळवण्याबद्दल विकासकाशी बोललो आहे. त्याने हा मुद्दा भुतापेक्षा बराच गंभीरपणे घेतला.

वाड्यातली_सून, आपले लिखाण मी आत्याला वाचून दाखवले. तिच्या सासरच्या काकू आडात गेल्या हे तिला कोणी सांगितले, असे मी विचारले. सासूबाईंनी, असे ती म्हणाली. आणि सासूबाईंना कोणी सांगितले, यावर ती बराच वेळ गप्प राहिली. काकूंचे पहिले नाव काय होते, हेही तिला आठवेना. मग मी तिला पिठाचे छायाचित्र दाखवले. आपल्याकडे माणूस गेल्यावर दिव्याखाली पीठ पसरून ठेवतात आणि गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, ते त्यावर उमटलेल्या पावलांवरून पाहतात, हे मी विसरलो होतो. आत्याने चष्मा लावून ठसे दोनदा मोजले आणि म्हणाली, “मांजराच्या जन्माला आल्या म्हणायच्या. बरे झाले, घर तरी सोडले नाही.”