चार वर्षांत सीमेवरचा जवान तयार होतो का?

खटावकर
अग्निपथ ही २०२२ ची योजना, फौजेत चार वर्षांसाठी अग्निवीर घ्यायचे आणि त्यातले पंचवीस टक्केच कायम ठेवायचे. तिची चर्चा निघाली की ती पगार आणि पेन्शनवर जाऊन थांबते. मला आधी सीमेबद्दल बोलायचंय.

चीनबरोबरची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ३,४८८ किलोमीटरची. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि तेव्हापासून पूर्व लडाखमध्ये हिवाळ्यातही मोठी फौज ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि देमचोकबद्दल समझोता झाला खरा, पण तो गस्त आणि त्या दोन ठिकाणी समोरासमोर उभ्या तुकड्या हटवण्यापुरता होता. सीमेवर आणलेली मोठी फौज मागे नेण्याचं त्यात काही ठरलं नाही.

आता अग्निवीराची चार वर्षं मोजा. सुमारे सहा महिने ट्रेनिंगमध्ये जातात. पुढे रजा, कोर्स, युनिटची कामं. पंधरा हजार फुटांच्या वर जायचं तर शरीर सरावायलाच तीन टप्प्यांत चौदा दिवस लागतात. नाला कधी गोठतो, समोरची गस्त कुठल्या वाटेने येते, वारा सुटल्यावर कोणत्या धारेवर थांबायचं नाही, हे त्या जागी एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. आणि हे कळलेला मुलगा हाताशी आला की चारातले तीन घरी पाठवायचे!

योजना गुंडाळा असं मी म्हणत नाही. मुदत सात वर्षं करा आणि निम्मे तरी कायम ठेवा.

तोफखाना
खटावकर, कळकळ समजते, पण पैसा कुठून आणायचा ते लिहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी मिळाले, त्यातले १.६० लाख कोटी नुसत्या पेन्शनला. तोफा, ड्रोन, बोगदे, रस्ते या सगळ्याला उरलेल्यातूनच वाट काढावी लागते. फौज तरुण करा हे आज कोणाला सुचलेलं नाही. कारगिल युद्धानंतरच्या सुब्रह्मण्यम समितीनेही सेवेची मुदत कमी करा असंच सांगितलं होतं. सैनिकाचं सरासरी वय ३२ वरून २६ वर यावं हा हेतू चुकीचा कसा? चौदा हजार फुटांवर पाठीवर ओझं घेऊन चढायला विशीतलाच मुलगा लागतो.

शिवाय सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, अग्निवीर चालवत नाही, हवालदार चालवतो. अनुभव तिथे आहेच की.

खटावकर
सुब्रह्मण्यम समितीने सतरा वर्षांची मुदत सात ते दहावर आणा असं सुचवलं होतं. चार हा आकडा तिचा नाही, आणि सात मागतोय तो मीच.

हवालदाराचं म्हणाल तर आजचा हवालदार दहा-पंधरा वर्षांपूर्वी भरती झालेला आहे. उद्याचा हवालदार याच पंचवीस टक्क्यांतून निघणार. त्यात २०२० ते २०२२ कोविडमुळे भरती मेळावे बंद होते, ती फळी मधून गायबच आहे.

पेन्शनची बचतही लगेच दिसणार नाही. आज पेन्शन घेणारे घेतच राहणार, २०२० च्या आधी लागलेले जवान पुढच्या दशकात निवृत्त होऊन त्यात भर घालणार. म्हणजे बचत पंधरा वर्षांनंतरची आणि अनुभवाचा तुटवडा मात्र आत्तापासून.

निवृत्त सुभेदार
दोघांनाही एक सांगतो. पोरं कमी नाहीत. मोबाईलवर वाढली म्हणून नावं ठेवणारे बरेच भेटतात, पण ड्रोन आणि रेडिओ सेट ही पोरं आमच्यापेक्षा लवकर शिकतात. माझी काळजी वेगळी आहे. एका बंकरमध्ये चौघं आहेत आणि त्यातला एकच राहणार हे चौघांनाही ठाऊक आहे. पलटणीत माणूस शेजारच्यासाठी लढतो. तो शेजारचा नंबरात माझ्या पुढे जाईल हा विचार डोक्यात शिरू नये, एवढी सोय धोरणाने करायला हवी. पंचवीसचे पन्नास केले तर ही धास्ती बरीच ओसरेल.

साताऱ्याची लेक
आमच्या भागात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या घराघरांतून पोरं फौजेत जातात. भरतीची तयारी म्हणजे पहाटे उठून १६०० मीटर पळणं, त्याआधी ऑनलाइन लेखी परीक्षा, अकॅडमीची फी. एवढं करून चार वर्षांनी सेवा निधीचे ११.७१ लाख हातात घेऊन परत यायचं.

पण माझा राग त्यावर नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर गेला. त्याच्या घरच्यांना दरमहा कुटुंब पेन्शन नाही. त्याच चौकीवरचा जुन्या भरतीचा जवान गेला असता तर मिळाली असती. बर्फ दोघांना सारखाच ना?

तोफखाना
ताई, विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख आणि सेवा निधी मिळतो, हेही लिहायला हवं होतं. सरकारने वाऱ्यावर सोडलं असं नाही.

साताऱ्याची लेक
दादा, मिळतात, आणि मी ते नाकारत नाही. पण एकरकमी पैसा घरात किती टिकतो ते गावात येऊन बघा. कर्ज, बहिणीचं लग्न, घराचं बांधकाम. आई-बाप पुढची तीस वर्षं जगणार आहेत. कर्तव्यावर मृत्यू झाला तर अग्निवीराच्या घरच्यांनाही कुटुंब पेन्शन द्या. असे मृत्यू थोडे असतात, तुमच्या १.६० लाख कोटींत त्याने काय मोठा फरक पडणार?

तोफखाना
हे मान्य. यासाठी पैसा आडवा येऊ नये. सात वर्षांना मात्र माझा विरोध कायम आहे.

गिरिजन
एक बाजू सुटली. गुरखा भरतीसाठी भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात १९४७ ला झालेल्या त्रिपक्षीय करारात अशी चार वर्षांची नोकरी बसत नाही, म्हणून नेपाळने आपल्या तरुणांना अग्निपथमधून पाठवणं रोखून धरलं. कोविडमुळे २०२० मध्ये थांबलेली तिथली गुरखा भरती त्यामुळे पुन्हा सुरूच झाली नाही. डोंगरात जन्मलेला, पिढीजात सैनिक आपण गमावतोय, तेही चीनला लागून असलेल्या देशातला.

निवृत्त सुभेदार
गिरिजन, बरोबर. आता २०२६ च्या अखेरीस पहिल्या तुकडीची चार वर्षं भरू लागतील. केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांना दहा टक्के आरक्षण २०२२ मध्येच जाहीर झालं होतं. माझ्या मते लडाख आणि अरुणाचलमध्ये राहून आलेल्या पोरांना वेगळी परीक्षा न घेता थेट आयटीबीपीत, म्हणजे चीन सीमेवरच्या भारत-तिबेट सीमा पोलिसांत घ्यावं. तीच सीमा, तीच थंडी.

खटावकर
सुभेदारसाहेब, सूचना पटली, पण आयटीबीपी गृहमंत्रालयाखाली आणि फौज संरक्षण मंत्रालयाखाली. तिथे चार वर्षांची ज्येष्ठता धरणार, की पुन्हा नव्या शिपायाच्या पगारापासून सुरुवात? हे पोरांना सुटण्याआधी लेखी कळायला हवं.