२९ डिसेंबरला गोठीत ढोल वाजवायचे का? आणि पाटीवर नावं कोणाची?

गोठीतली_सून

मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गोठीत (म्हणजे जुन्या सरदाराच्या नावाने वसलेल्या मोहल्ल्यात) गेले पंधरा दिवस रोज रात्री ओट्यावर एकच भांडण चालू आहे, ते इथे आणते. (गोठीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्वाल्हेरकरांना पाच मिनिटांत कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.)

मोहल्ला समितीने या वर्षी २९ डिसेंबरला ‘शौर्य दिवस’ करायचं ठरवलंय. १८४३ साली या तारखेला महाराजपूर आणि पनियार, एकाच दिवशी दोन ठिकाणी ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढली होती. सकाळी फेटे बांधून महाराज बाड्यापर्यंत (शहरातल्या मुख्य चौकापर्यंत) मिरवणूक, ढोल-ताशे, संध्याकाळी फटाके आणि गजक, घरटी पाचशे रुपये वर्गणी. शिवाय गोठीच्या तोंडाशी संगमरवरी पाटी: ‘या गोठीचे पूर्वीचे मानकरी’. यादी मी पाहिली. अकरा नावं, अकराही सरदार घराण्यांतली, प्रत्येकापुढे ‘श्रीमंत’.

माझी हरकत पाचशे रुपयांना नाही. ती लढाई आपण हरलो, त्या दिवशी माणसं मेली, त्याला फटाके कसले? आणि दुसरं म्हणजे, आमच्या एका वाड्यात एके काळी सतरा चुली पेटत होत्या. त्या सतरांपैकी एकही पाटीवर नाही. मागच्या चौकातल्या एका खोलीला आमच्याकडे अजून ‘गोलंदाजाची खोली’ म्हणतात. आजेसासूबाई सांगत, तिथे पिढ्यान् पिढ्या तोफखान्यातल्या माणसाचं घर होतं. नाव त्यांनाही आठवत नव्हतं. हल्ली त्या खोलीत आम्ही गॅसची टाकी ठेवतो.

तुमचं काय म्हणणं?

फालके_बाजारवाला

ताई, हरलो म्हणून काय झालं? पानिपतही हरलोच. तरी १४ जानेवारीला लोक तिथे जमतात ना? जूनमध्ये फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवर बलिदान मेळा भरतो, तो काय विजयाचा आहे?

आणि ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांनी काय केलं बघा. आपल्याकडून घेतलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून त्याचे तारे पाडले आणि स्वतःच्या शिपायांच्या छातीवर लावले. ‘ग्वाल्हेर स्टार’ म्हणतात त्याला, जुन्या पदकांच्या लिलावात आजही विकला जातो. कलकत्त्याला हुगळीच्या काठी त्यांच्या मेलेल्या लोकांचं स्मारक आहे, १८४७ चं, त्याच्या घुमटालाही आपल्याच तोफांचा धातू. आमच्या तोफांचा घुमट कलकत्त्यात, आणि आम्ही ग्वाल्हेरात एक पाटी लावायची म्हटलं की लगेच हरकत! आज महाराजपुरा म्हटलं की पोरांना हवाई तळावरची मिराज विमानं आठवतात. लढाई कोणाला माहीत आहे? ढोल वाजल्याशिवाय कोणी खिडकी उघडत नाही, हे तुम्हीही जाणता.

तोफखाना

लढाई माहीत नाही हे खरंच, पण मग ती आधी सांगा तरी. फेटा बांधून मिरवणुकीत चालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे ती कशावरून झाली?

फेब्रुवारी १८४३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे वारले, मूल नव्हतं. विधवा ताराबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे. कारभारी म्हणून इंग्रजांना मामासाहेब हवे होते, दरबारात दादा खासगीवाल्यांनी बाजी मारली. इंग्रजांनी त्याच वर्षी सिंध गिळला होता आणि त्यांच्या डोळ्यापुढे लाहोरची शीख फौज होती. ती आणि ग्वाल्हेरची एक झाली तर, ही भीती. त्यांनी दादा खासगीवाल्यांना मागितलं, ताराबाईंनी देऊनही टाकलं, तरी गव्हर्नर जनरल एलेनबरो फौज घेऊन चंबळ उतरलाच. महाराजपूरला सेनापती ह्यू गफ, तिकडे पनियारला ग्रे. एलेनबरो स्वतः रणात हजर, आणि गफच्या बायकोसकट काही इंग्रज बायका हत्तीवर बसून लढाई बघायला आल्या होत्या. त्यांच्याही आसपास गोळे पडायला लागले. इतकी सोपी वाटली होती त्यांना ती लढाई! संध्याकाळी मोजलं तर एकट्या महाराजपूरला त्यांची आठशेच्या आसपास माणसं मेलेली किंवा जखमी.

हे कोणामुळे? आपले गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, संगिनी पोटात शिरेपर्यंत. इंग्रजांच्या स्वतःच्या अहवालांत हे आहे, आपल्या कवितेत नाही. म्हणून गोठीतल्या सूनबाई, तुमची ती गॅसच्या टाकीची खोली त्या अकरा श्रीमंतांच्या यादीपेक्षा या तारखेच्या जास्त जवळची आहे.

आणि पलटणींत होते कोण? अवधकडचे पूरबिये, मुसलमान, बुंदेले. मराठी किती होते ते विचारू नका, मिरवणुकीतले फेटे सैल होतील.

श्रीमंतांचा_नातू

वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण आता राहवत नाही.

अकरा नावांत एक आमचं आहे. गोठीला नाव कोणाचं आहे? सतरा चुलींचं? ज्या माणसाने जागा मिळवली, वाडा बांधला, ओळीने घरं वसवली, त्याच्या नावावर ती चालते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली तेव्हा प्रत्येक सरदार आपली माणसं घेऊन उतरला. निंबाळकरांची गोठ, महाडिकांची गोठ, शितोळ्यांची गोठ, ही नावं काय कोणा भाडेकरूने दिली? आणि हो, वाड्याची गच्ची दर पावसाळ्यात आम्हीच डांबरतो. भाडं काही घरांत अजून पंचेचाळीस रुपये येतं, तेही मनीऑर्डर बंद झाल्यापासून मागायला जावं लागतं.

‘श्रीमंत’ काढा म्हणत असाल तर माझी हरकत नाही. नाव काढा म्हणाल तर आहे.

गोठीतली_सून

दादा, नाव काढा असं कोणी म्हटलं नाही. अकराच्या खाली जागा ठेवा म्हटलंय.

निवृत्त_सुभेदार

मी ७१ ला पूर्व आघाडीवर होतो. १६ डिसेंबरला आमच्याकडेही बोलावणी येतात, शाल, नारळ, माइकवर तीच तीच भाषणं. सवयीने जातो.

पलटणीत असा दिवस कसा पाळतात ते सांगतो. सकाळी त्या लढाईत गेलेल्यांची नावं वाचतात. नुसती नावं. सुभेदार मेजरचं आणि धोब्याचं एकाच आवाजात. मग शांतता. मग दुपारी बडाखाना: जवान, साहेब सगळे एकत्र जेवतात, हसतात, नाचतातही. त्यामुळे फालके बाजारवाल्यांचे ढोल मला वर्ज्य नाहीत. पण आधी नावं. नावं न वाचता ढोल वाजवले तर ती कोणाचीही वरात होईल.

फटाके मात्र नकोत. माझ्यासारख्या माणसाच्या शेजारी राहत असाल तर कळेल का ते.

फालके_बाजारवाला

सुभेदारसाहेब, फटाके कटाप. समितीत मी सांगतो. पण नावं आणायची कुठून? पूरबिया शिपायाचं नाव १८४३ च्या कुठल्या कागदात शोधू? सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर पाटी किल्ल्याएवढी लागेल.

पुण्यात_ग्वाल्हेरी

नावं नसतील तर काम लिहा की. मी त्याच परिसरातला (बहुतेक त्याच गोठीतला, सतरा चुलींवरून ओळखलं). आमची चूल पाचवी, जिन्याखालची. आजोबा मोतीमहालात, म्हणजे तेव्हाच्या सचिवालयात, कारकून. १९५६ च्या नोव्हेंबरात राजधानी भोपाळला गेली तशी त्यांची फाइल गेली आणि फाइलमागे आम्ही. गोठीतली कमीत कमी सहा घरं त्या हिवाळ्यात रिकामी झाली असं वडील सांगायचे. नंतर भोपाळहून पुणे.

माझ्या लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा कोण कोण होतं सांगू? एक पेटीवाले मास्तर, पहाटे रियाज, खालून शिव्या. एक सोवळ्यातल्या बाई, पापड लाटून विकायच्या. एक कंपाउंडर, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. जे. सी. मिलमध्ये रात्रपाळी करणारे दोघे भाऊ, एकच खाट पाळीपाळीने वापरणारे. एक टांगेवाले चाचा, ज्यांचा घोडा दिंडीशी बांधलेला असायचा. यातलं कोणी महाराजपूरला लढलं नाही. पण ‘पूर्वीचे रहिवासी’ हेच ना?

श्रीमंतांचा_नातू

मग ती दुसरी पाटी झाली. शौर्य दिवसाच्या पाटीवर पापडवाल्या बाई कशाला? दोन गोष्टींची खिचडी करू नका.

कंपूवाली

का नको? अकरा मानकऱ्यांपैकी २९ डिसेंबरला रणात कोण कोण होतं, हे तरी तुमच्याकडे लिहिलेलं आहे का? नसेल तर तेही पापडवाल्या बाईंसारखे निव्वळ रहिवासीच.

आणि त्या सगळ्या गोष्टीच्या मधोमध बारा-तेरा वर्षांची विधवा बसली आहे, तिच्याबद्दल समितीच्या पत्रकात एक ओळ नाही. माझी भाची त्याच वयाची आहे, ती अजून दप्तर विसरून शाळेत जाते. त्या वयात ताराबाईंना एलेनबरोच्या खलित्यांना उत्तरं द्यावी लागली.

तोफखाना

कंपूवाल्या ताईंना जोरदार अनुमोदन. आणि हरल्यावर काय झालं तेही पत्रकात घाला. जानेवारी १८४४ च्या तहाने फौज ९,००० वर आणली, त्यात पायदळ अवघं ३,०००. बाकीच्यांना नारळ. काहींना इंग्रजांच्या हाताखालच्या नव्या कंटिंजंटमध्ये घेतलं, तिचा खर्च मात्र ग्वाल्हेरच्याच मुलखातून. म्हणजे महाराजपूरने या गोठींतली किती बिऱ्हाडं उठवली असतील! भोपाळने १९५६ ला केलं ते तेव्हा एका सहीत झालं होतं. माझ्या मते ‘पूर्वीचे रहिवासी’ ही पाटी त्या तारखेला लावण्याचं याहून चांगलं कारण नाही.

गंमत म्हणजे तीच कंटिंजंट १४ जून १८५७ ला ग्वाल्हेरजवळच्या मोरार छावणीत इंग्रजांवर उलटली आणि पुढे तात्या टोप्यांबरोबर कानपूरला इंग्रज जनरल विंडहॅमला पळवून आली.

फालके_बाजारवाला

झालं, आता १८५८ निघणार. झाशीची राणी ग्वाल्हेरला आली तेव्हा कोण आग्र्याला गेलं, कोण नाही. हात जोडतो, ते ओट्यावर काढलं तर कार्यक्रम होत नाही, पोलीस येतात.

तोफखाना

मी १८५७ वरच थांबलो आहे.

तिसऱ्या_मजल्यावरचा

नमस्कार. आम्ही सिंधी, १९४८ पासून याच गोठीत. आजोबा आले तेव्हा वाड्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. माझी आई मोदक तुमच्यापेक्षा बरे करते, असं गोठीतल्या मराठी बायकाच म्हणतात. समितीने पाचशे रुपये आमच्याकडूनही घेतले. मला पाटीवर नाव नको. पण पत्रकात ‘सर्व मराठा बांधवांना आवाहन’ असं छापलंय, ते वाचून वर्गणी घ्यायला आलेला मुलगाच लाजला.

निवृत्त_सुभेदार

ते पत्रक पुन्हा छापा. खर्च माझा.

श्रीमंतांचा_नातू

पत्रक चुकलंय, मान्य. समितीला मी स्वतः सांगतो.

पाटीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आज सकाळी घरातल्या जुन्या वह्या काढल्या. पणजोबांची भाड्याची वही सापडली, मोडीत आहे, अर्धी वाळवीने खाल्लेली. नावं आहेत. आणे-पैसे आहेत. एका नावापुढे ‘तोफखाना’ असं वाचता येतंय, बहुतेक. मोडी येणारं कोणी आहे का इथे? वही बाहेर देणार नाही, घरी येऊन बघावी लागेल.

तोफखाना

येतो. रविवारी चार वाजता चालेल? चहा ठेवा, वाळवी झटकायला मऊ ब्रश मी आणतो.

गोठीतली_सून

मीही येते. त्या खोलीतली टाकी काढायला मुलांना सांगितलंय, त्यांना वाटतंय आई वेडी झाली.

समितीत काल रात्री अडीच तास झाले. मिरवणूक आहे, ढोल आहेत, फटाके नाहीत, आधी नाववाचन. पाटीचं अजून अडलंय: वर अकरा नावं, खाली ‘आणि या गोठीत राहून गेलेले सर्व’ अशी एक ओळ, असं अध्यक्ष म्हणतात. मला ती ओळ ‘व इतर मित्रपरिवार’ सारखी वाटते, मी सही केलेली नाही. पाथरवट मात्र घाई करतोय. तो विचारतोय, मथळ्यात ‘गोट’ कोरू की ‘गोठ’?

तोफखाना

गोट! मराठीत फौजेचा तळ म्हणजे गोट. ‘आतल्या गोटातून’ म्हणतो ना आपण? दोनशे वर्षं हिंदीत बोलून बोलून त्याचा गोठ झाला, बाहेरचे लोक गुरांचा गोठा समजतात.

तिसऱ्या_मजल्यावरचा

गोठ ठेवा. आधार कार्डावर गोठ आहे, लाइट बिलावर गोठ आहे. गोटवर पोस्टमन सापडायचा नाही.

पुण्यात_ग्वाल्हेरी

गोठ.

श्रीमंतांचा_नातू

पणजोबांच्या वहीत काय लिहिलंय ते रविवारी बघू. पाथरवटाला सोमवारपर्यंत थांबायला सांगा.